तीन आखूड शिट्ट्या

धडगावहून नर्मदेकडे उतरणारा रस्ता त्या वर्षांत शेवटच्या टेकडीच्या माथ्यावर संपायचा. पुढे पायवाट, आणि पायवाटेच्या टोकाला धरणाचं पाणी. पाणी नेमकं कुठे भेटेल हे महिन्यावर ठरे. पावसाळ्यानंतर ते सागाच्या शेंड्यांपर्यंत चढलेलं असे. उन्हाळ्यात इतकं खाली जाई की उतरताना वाळलेल्या गाळाचे टप्पे लागत आणि बुडून मेलेली झाडं काळी होऊन वर येत. लाँचचा धक्का म्हणजे एक फळी, एक दोर आणि एक खुंटा. पाणी सरकलं की ते तिन्ही उचलायचं आणि पाण्यामागे न्यायचं.

लाँच एका सरकारी खात्याची होती. पांढरा रंग, खाली निळा पट्टा, वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही अंगांना लाकडी बाकं, मागे डिझेल इंजिन. काठाकाठाने जात ती वस्त्यांवरची माणसं गोळा करायची. आमचूरची पोती, मोहाची फुलं, कोंबड्या, बकऱ्या, झोळीत घालून आणलेले आजारी, शाळेचे मास्तर, आरोग्य केंद्राच्या नर्सबाई, सगळं तिच्यावर चढे. मी तेव्हा नंदुरबारच्या एका दैनिकासाठी डोंगरपट्ट्याच्या बातम्या पाठवत असे. त्या पट्ट्यातल्या काठावरच्या गावांना जायचं तर दुसरी वाट नव्हती.

डोंगरातले लोक तिला लाँच म्हणत नसत, गाडी म्हणत. हा शब्द त्यांना चालकाने दिला होता. सगळे ज्यांना नाना म्हणत ते हे चालक रेल्वेतून निवृत्त झाले होते. मूळचे सारंगखेड्याचे, तापीकाठच्या शेतीवाल्या घरातले. शेती थोरल्या भावांनी धरली आणि हे मामाच्या ओळखीने बिहारकडे रेल्वेत लागले. लागले ते रुळावर नाही, पाण्यावर. तिथे गंगेवर तेव्हा पूल नव्हता. अलीकडच्या काठावर गाडी थांबायची, पलीकडच्या काठावरून दुसरी सुटायची, आणि मधल्या पाण्यावर रेल्वेची स्वतःची आगबोट होती. नाना तिच्या बॉयलरवर आगवाला होते, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारे. बोटीच्या मुख्य माणसाला तिकडे सारंग म्हणत. सारंगखेड्याहून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी भट्टीवर पाठवलं म्हणून तिथले खलाशी त्यांची चेष्टा करत: गाव सारंगांचं आणि हा कोळसा ढकलतोय.

लाँचची वेळ व्हायची असेल तेव्हा नाना या बोटीबद्दल सांगत. मी ते तुकड्यातुकड्याने ऐकलं. तिकीट एकच चाले, गाडीला आणि बोटीलाही. गाडी थांबली की माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन वाळूतून पळत सुटायची, कारण बोटीवर जागा धरायची असे. उन्हाळ्यात गंगा मागे हटली की रूळ उखडून पाण्याजवळ नेत आणि पुन्हा अंथरत. स्टेशनसुद्धा मागोमाग जाई: तंबू, घंटा, तिकिटाची खिडकी. बोटीच्या नाकावर एक माणूस लांब बांबू घेऊन उभा असे. तो बांबू पाण्यात टोचून खोली ओरडून सांगायचा, आणि ते ओरडणं म्हणजे जवळजवळ गाणंच असायचं. मधल्या पाण्यात सोंस, म्हणजे नदीतला डॉल्फिन, वर आला की सगळे उतारू एका अंगाला धावत. बोट कलायची, सारंग वरून शिव्या द्यायचा आणि खाली भट्टीपुढे कोळसा घरंगळायचा. नानांनी त्या नदीवर वर्षं काढली, पण सोंस क्वचितच पाहिला. ते खाली असत. त्यांना कळायचं ते बोट कलली की.

मग पूल झाला. बोट काही दिवस रिकामी फिरली आणि एक दिवस फिरली नाही. नानांनी तिकडच्या एका माणसाशी आपसात बदली करून घेतली आणि ते आपल्या मुलखात परतले. पुढची सगळी नोकरी त्यांनी इंजिनावर केली. निवृत्तीनंतर खात्याला लाँचसाठी कंत्राटी चालक हवा होता. पाण्यावर काम केल्याचा दाखला असलेला दुसरा माणूस जिल्ह्यात सापडला नाही, असं ते स्वतःच हसत सांगत.

लाँच त्यांनी रेल्वेसारखी चालवली. वेळेआधी सुटणं हा त्यांच्या लेखी वेळेनंतर सुटण्यापेक्षा मोठा गुन्हा होता. माणसं चढून बसलेली असली, कोंबड्या ओरडत असल्या, नर्सबाई घड्याळ दाखवत असल्या तरी ते सुकाणूवर हात ठेवून बसून राहत. एक म्हातारी, आमचूर विकायला जाणारी, त्यांना दर बाजारी टोमणा मारी की तुझी गाडी वेळेवर सुटते खरी, पण तिच्यासाठी बाजार काही थांबत नाही. नाना आपल्या अहिराणीत शांतपणे म्हणत, "टाइम म्हनजे टाइम शे, माय."

आणि शिट्टी. लाँचचा भोंगा साधा होता, पण नाना त्याला शिट्टीच म्हणत, आणि ती वाजवण्याचे नियम त्यांनी रेल्वेतून आणले होते. एक लांब म्हणजे गाडी येते आहे. दोन आखूड म्हणजे आता सुटणार. तीन आखूड म्हणजे अडचण आहे, मदतीला या. लाँच गाळात रुतली किंवा बुडालेल्या झाडात अडकली की ते तीन आखूड देत. वरच्या पाड्यांवरून माणसं बांबू, दोरखंड आणि कुऱ्हाडी घेऊन उतरत, पाण्यात शिरत आणि लाँच मोकळी करत. काठावरच्या सगळ्या वस्त्यांना हे पाठ झालं होतं. शिट्टी खोटी वाजवायची नाही, हा नानांचा सगळ्यात कडक नियम होता. मास्तरांनी एकदा गंमत म्हणून भोंग्याला हात लावला, तेव्हा नाना परतीच्या वाटेवर त्यांच्याशी बोलले नाहीत.

एका हिवाळ्यात बातमी आली की लाँच परवडत नाही, खातं ती बंद करण्याच्या विचारात आहे. रस्त्याचं काम वरून सुरू झालंच होतं. ते काठापर्यंत कधी पोहोचेल हे कोणी सांगू शकत नव्हतं, पण कागदावर रस्ता होता. लोक खरंच लाँच वापरतात का, हे पाहायला एक अधिकारी येणार होता. तो एकदाच येणार होता आणि जे पाहील त्यावर ठरणार होतं.

नर्सबाईंचा मुद्दा सरळ होता. लाँच गेली तर झोळीतल्या माणसाला डोंगरावरून खांद्यावर न्यायचं, आणि बाळंतपणाच्या बाईला तर नेताच यायचं नाही. नाना एवढं बोलले नाहीत. त्या दिवशी ते इंजिनाचं झाकण उघडून बराच वेळ काहीतरी पुसत बसले होते. मग म्हणाले, "मन्ही आगबोट पुलनी खाई टाकी. हाईले सडक खाई. पन आते नही."

पाहणीसाठी बाजाराचा दिवस त्यांनीच सुचवला आणि तो मान्य झाला. बाजाराच्या दिवशी लाँचमध्ये पाय ठेवायला जागा नसे.

चूक त्यानंतर झाली. रेल्वेत मोठ्या साहेबाची पाहणी म्हणजे काय असतं ते नानांनी आयुष्यभर पाहिलं होतं. चुना मारायचा, पितळ घासायचं, फलाटावरचा पसारा हलवायचा. त्यांनी लाँचवरच्या खलाशाकरवी घाटोघाट निरोप पाठवला: अमक्या दिवशी साहेब गाडीत बसणार आहे, त्या दिवशी बकऱ्या, कोंबड्या आणू नका, गाडी स्वच्छ राहू द्या. खलाशी काठावरच्याच एका पाड्याचा, पन्नाशीचा, पावरा जमातीचा माणूस. त्याने निरोप आपल्या बोलीत जसाच्या तसा सांगितला.

डोंगरात या निरोपाचा अर्थ वेगळा झाला. तिकडे पाहुणा आला की अंगणात खाट टाकतात, तिच्यावर गोधडी घालतात आणि पाहुण्याला बसवतात. त्या खाटेवर मग घरचं कोणी बसत नाही. पाहुणा बसलेला असताना त्याच्या शेजारी टेकणं म्हणजे त्याचा मान काढून घेणं. साहेब गाडीत बसणार, तर त्या दिवसापुरती गाडी ही त्याची खाट. लोकांनी गाडी त्याच्यासाठी सोडली. नानांना हे सुचण्याचं कारण नव्हतं आणि खलाशाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

पाहणीच्या सकाळी लाँच धुऊन पुसून तयार होती. नानांनी जुना रेल्वेचा कोट घातला होता. अधिकारी तरुण, बोलायला नीट, उन्हाची टोपी घालून आलेला. मास्तर, नर्सबाई आणि मी बसलो. कर्मचारी आणि पत्रकार प्रवाशांत धरायचे नाहीत, हे त्याने सुरुवातीलाच सांगितलं. वेळ झाली. दोन आखूड वाजल्या आणि लाँच सुटली.

पहिल्या घाटावर लोक होते. बरेच होते, धुतलेल्या कपड्यांत, वर उतारावर रांगेने उभे. नानांनी फळी टाकायला लावली. खाली कोणी उतरलं नाही. त्यांनी वाट पाहिली, वेळ झाली, दोन आखूड दिल्या. लोकांनी हात जोडले. लाँच रिकामी निघाली.

दुसऱ्या घाटावर तेच. मग आमचूरवाल्या म्हातारीचा घाट आला. ती पोत्याशेजारी पाण्याच्या कडेलाच बसली होती. खलाशी फळीवरून उतरून तिच्याशी बोलला आणि कपाळाला हात लावून परत आला. साहेबाची गाडी परत कधी जाईल म्हणजे आपली कधी येईल, असं म्हातारी विचारत होती. हा बाजार गेला तरी चालेल, पुढच्याला जाईन म्हणाली. खलाशाच्या बोलण्यातून खाटेचा उलगडा आम्हाला तेव्हा झाला.

नाना सुकाणू सोडून फळीवर गेले आणि त्यांनी लोकांना हाताने बोलावलं. बायका हसल्या आणि त्यांनी माना हलवल्या. हा आग्रह त्यांना शिष्टाचाराचा वाटला. आग्रह झाला की आधी नाही म्हणायचं असतं.

अधिकारी हे सगळं पाहत होता. नाना परत आल्यावर त्याने विचारलं, "रोज असंच असतं का?"

"नाही, साहेब," नाना शाळेतल्या मराठीत म्हणाले. "रोज पाय ठेवायला जागा नसते."

"मग आज काय झालं?"

"आज तुम्ही आहात."

अधिकारी हसला, पण त्याच्या बोलण्यात बदल झाला नाही. तो म्हणाला, मी तुमचं ऐकतो आहे, पण मला लिहावं लागेल ते दिसलेलं. त्यात कडवटपणा नव्हता. नर्सबाई त्याला खाटेचं सांगू लागल्या, ते त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बाकं दोन्हीकडे रिकामी होती.

एकच घाट उरला होता, सगळ्यात मोठा. तिथे वरच्या पाड्यांवरून बाजाराची निम्मी माणसं येत. लाँच वळणावरून पुढे झाली तेव्हा दिसलं की काठावर ढोल आहे, आणि मोहाच्या झाडाखाली एक खाट टाकून तिच्यावर नवी गोधडी घातली आहे. फळीजवळ कोणीच उभं नव्हतं. वाट मोकळी ठेवली होती.

नानांनी इंजिन बंद केलं. काठ अजून लांब होता. लाँच पाण्यावर आपोआप सरकत राहिली आणि थांबली. खलाशाने वळून पाहिलं. नाना समोर पाहत होते. त्यांचा हात भोंग्याच्या दोरीवर गेला, तिथे बराच वेळ राहिला, मग त्यांनी ती ओढली. तीन आखूड.

ढोल थांबला. मग सगळा उतार एकदम खाली आला. धुतलेले कपडे, फेटे, पागोटी तशीच पाण्यात शिरली. कोणी बांबू आणले, कोणी खाटेचीच दोरी सोडून आणली. वरच्या झोपड्यांतून आणखी माणसं कुऱ्हाडी घेऊन पळत येत होती. लहान लाकडी होड्या सुटल्या. पोहणारे आधी पोहोचले आणि त्यांनी लाँचच्या कडा धरल्या. आजूबाजूला झाड दिसेना, गाळ दिसेना, तेव्हा ते पाण्यातूनच नानांकडे पाहू लागले.

अधिकारी उठून उभा राहिला होता. इंजिनात काय बिघाड झाला, असं त्याने विचारलं.

"इंजिनात नाही, साहेब," नाना म्हणाले. "गाडी रिकामी आहे. हाऊच बिघाड शे."

अधिकाऱ्याने कडेला आलेली डोकी पाहिली, होड्या पाहिल्या, काठावर कुऱ्हाड खांद्यावर टाकून थांबलेली माणसं पाहिली. मग त्याने नर्सबाईंना विचारलं, पाहुणा खाटेवरून उतरला तर काय होतं? नर्सबाई म्हणाल्या, मग सगळेच खाली बसतात. त्याने टोपी काढली आणि तो बाकावरून उतरून इंजिनाजवळ खाली मांडी घालून बसला.

लोक चढले. ओले, निथळत, एकमेकांना वर ओढत. सगळे खाली बसले. जागा संपली तेव्हा उभे राहिले, पण बाकांवर कोणी बसलं नाही. परतीच्या वाटेवर मागचे घाट घेतले तेव्हा खाली बसलेला साहेब काठावरून दिसला आणि तिथलेही लोक आले. आमचूरवाली म्हातारी पोतं त्याच्या गुडघ्याला टेकवून बसली आणि बाजार संपलेला असणार म्हणून नानांना बोल लावत राहिली. बाकं शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

त्याने काय लिहिलं ते मला कळलं नाही. लाँच बंद झाली नाही, एवढं कळलं. बातमी मी छोटी दिली: पाहणी झाली, लाँच सुरू राहणार. शिट्टीचा उल्लेख त्यात नव्हता. त्या संध्याकाळी उतरताना नानांनी मला बाजूला घेतलं होतं. "मी खोटी शिट्टी वाजाडी," ते म्हणाले. "हाई लिखू नको."

त्यांना नोकरीची भीती नव्हती. एकदा खोटी वाजलेली शिट्टी पुढे कोणी खरी मानणार नाही, ही काळजी होती. ती उन्हाळ्यात खरी ठरली, पण त्यांना वाटलं होतं तशी नाही. पाणी उतरलं होतं आणि लाँच एका वळणावर गाळात बसली. नानांनी तीन आखूड दिल्या. लोक लगेच आले, पण हातात दोरखंड नव्हते. गाठोडी होती, कोंबड्या होत्या, एकीच्या कडेवर पोर आणि डोक्यावर पोतं होतं. ते गुडघाभर गाळातून चालत आले, लाँचवर चढले आणि ओळीने बसले. अडकलेली लाँच त्यांच्या वजनाने आणखी खाली गेली.

खलाशी हसून हसून फळीवर बसला. नाना आधी संतापले, मग तेही हसू लागले. लोकांना कळेना. त्यांच्या लेखी तीन आखूड म्हणजे गाडी रिकामी आहे, येऊन बसा. साहेबाच्या दिवशी तसंच तर झालं होतं. नानांनी त्यांना उतरवलं, लाँच ढकलून घेतली, आणि पुढे अडचणीसाठी चार आखूड ठरवल्या. "आते ती शिट्टी मन्ही नही ऱ्हायनी, त्यास्नी व्हई गई," असं ते मला म्हणाले. त्यानंतर प्रत्येक घाटावर, वेळ व्हायच्या थोडं आधी, ते तीन आखूड देऊ लागले.

लाँच पुढे काही वर्षं चालली. मग रस्ता खरंच काठापर्यंत आला, निदान मोठ्या घाटांपर्यंत. कंत्राट संपलं आणि नाना नंदुरबारला रेल्वे लाइनजवळच्या आपल्या घरी गेले. लाँच अजून तिथेच आहे. पाणी भरलं की ती अर्धी तरंगते, उतरलं की कलून गाळात पडते. निळा पट्टा गेला. बाकं कोणीतरी नेली. आत बकऱ्या दुपारच्या सावलीला बसतात, आणि त्यांना हाकलायला आता कोणी नाही.

मी गेल्या हिवाळ्यात तिकडे गेलो होतो. जिथे रस्ता पोहोचला नाही अशा पाड्यांसाठी बाजाराच्या दिवशी एक खाजगी डिझेल बोट चालते. चालवणारा तरुण दुसऱ्या काठाचा आहे. त्याने नानांना कधी पाहिलेलं नाही. घाटाजवळ येताच त्याने बोटीवर लावलेल्या मोटरसायकलच्या हॉर्नची कळ दाबली, तीनदा, आखूड. वरून माणसं उतरू लागली. तीनच का, असं मी विचारलं. इथे असंच वाजवतात, तो म्हणाला, एकदा वाजवलं तर कोणी येत नाही.

परत आल्यावर नानांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. समोरून मालगाडी जात होती, ती पूर्ण जाईपर्यंत ते बोलले नाहीत. ही जुनी सवय. मग मी त्यांना बोटीचं सांगितलं.

"आखूड का लांब?" त्यांनी विचारलं.

आखूड, तीन, मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग ती टाइमवर निघत असेल, म्हणाले. मला खरं सांगावं लागलं. वेळ अशी काही नाही, माणसं भरली की निघते. बोट कधी लवकर सुटते, कधी उशिरा. नानांच्या कपाळाला आठी पडली. शिट्टीची गोष्ट आता लिहायला हरकत नाही ना, असं मी विचारलं, त्यालाही त्यांनी नुसताच हात हलवून होकार दिला. त्यांचं लक्ष अजून बोटीतच होतं.

"पन भरस ना?" ते म्हणाले.

भरते, मी म्हणालो. पाय ठेवायला जागा नसते.